धर्म आणि दास्य : फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र

शास्त्राचे श्रवण पुष्कळांना घडते. ते आचरणात उतरते थोड्यांच्याच. श्रवण आणि आचरण यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्या अंतरात काय काय शिरते याचा विचार साधकाने वारंवार केला पाहिजे. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, त्याच घरात एखाद्या पंगू स्त्रीला बांधून चाबकाने मारले जाते, असे घडणे शक्य आहे काय? दुर्दैवाने ते शक्य आहे; नव्हे, ते घडले आहे. जे घडले ते पाहणारा, स्वतः सोसणारा आणि पुढे जगाला निर्भयपणे सांगणारा एक थोर पुरुष गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. फ्रेडरिक डग्लस हे त्याचे नाव. गुलाम म्हणून जन्मलेला हा मनुष्य मानवी समतेचा फार मोठा वक्ता आणि लेखक झाला. भिक्षुवर्ग आणि वासनिक मंडळी या दोघांनीही मनन करावे असे हे चरित्र आहे.

फ्रेडरिकचा जन्म इ. स. १८१८ मध्ये मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात झाला. जन्माची तिथी त्याला आयुष्यभर कळली नाही. घोड्यांची आणि गुरांची वये मालकाला ठाऊक असत, परंतु गुलामांच्या मुलांना आपले वय विचारणेही उद्धटपणाचे ठरे. आईचे नाव हॅरिएट बेली. बाप कोणी गोरा मनुष्य होता, एवढेच कानावर आले. तो मालकच असावा अशी कुजबूज होती. तेथील कायदा असा की मूल आईच्या स्थितीला जाई. आई दासी असली की बाप कोणीही असो, मूल दासच. या एका नियमाने मालकांच्या अनाचाराला संरक्षण मिळे आणि त्यांच्या संपत्तीत भरही पडे.

आईला दूरच्या शेतावर कामाला लावले होते. दिवसभर राबून रात्री सुमारे १२ मैलांची वाट तुडवीत ती मुलाला पाहण्यास येई, त्याला कुशीत निजवी आणि तो जागा होण्यापूर्वी परत निघून जाई, कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसल्यास चाबूक ठरलेला असे. अशा भेटी चार-पाचच झाल्या. तो सुमारे सात वर्षांचा असताना ती वारली. अंत्यसमयी तिच्याजवळ जाण्याची मुभा त्याला मिळाली नाही. त्याचे पालन केले ते बेट्सी या आजीने. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा मालकाच्या आज्ञेने तिने त्याला हाताला धरून मोठ्या मळ्यावर आणले, इतर मुलांत खेळावयास सोडले आणि त्याच्या नकळत ती परत गेली. लहान मुलाने अनुभवलेला हा पहिला विश्वासभंग. पण दोष आजीचा नव्हता, तिच्याही गळ्यात तोच फास होता. मळ्यावर त्याने आपल्या मावशीला उघडी करून, छताच्या आकड्याला हात बांधून मारताना पाहिले. थंडीत निजावयास धान्याचे पोते, आणि जेवावयास जमिनीवर ठेवलेल्या लाकडी काठवटीतील मक्याची पेज. ती मुले शिंपल्यांनी नाही तर हातांनी ओरपून खात. जो जलद खाई त्याचे पोट भरे.

इ. स. १८२६ मध्ये त्याला बाल्टिमोर शहरी ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठविण्यात आले. ऑल्डची पत्नी सोफिया हिने तोपर्यंत गुलाम बाळगला नव्हता. ती सुशील होती, बायबल वाचीत असे. मुलाने शिकण्याची इच्छा दाखविताच तिने मोठ्या कौतुकाने त्याला मुळाक्षरे शिकविली. पतीला हे कळताच त्याने ते तत्काळ बंद केले. गुलाम वाचावयास शिकला की तो गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे कारण त्याने पत्नीस मुलाच्या देखतच समजावून दिले. दक्षिणेतील अनेक राज्यांत तर गुलामांना शिकविणे हा कायद्याने गुन्हाच होता. ऑल्डच्या त्या बोलण्याने मुलाच्या मनात मात्र उजेड पडला. मालक ज्या गोष्टीला एवढा भितो, तीच आपल्या मुक्तीची वाट असली पाहिजे, हे त्याने त्या क्षणी ओळखले.

येथे सुज्ञ वाचकांनी थोडे थांबावे. साखळदंडाने शरीर बांधले जाते. पण माणूस दीर्घकाळ बांधलेला राहतो तो अज्ञानाने. म्हणून जुलमी मनुष्य सर्वांत आधी ज्ञानाच्या दारावर पहारा बसवितो. आपल्या पूर्वाचार्यांनी म्हाताऱ्या-कोताऱ्या स्त्रिया वंचित राहू नयेत म्हणून ग्रंथरचना मराठीत व्हावी असा आग्रह धरला, त्यातील करुणेचे मोल अशा प्रसंगी अधिक कळते.

सोफियाची पुढची कथा खेदजनक आहे. पतीच्या आज्ञेने ती बदलली; मुलाच्या हातात वर्तमानपत्र दिसले की धावून येऊन ते हिसकावू लागली. दास्याने दासाचे नुकसान होते हे सर्वांना दिसते. स्वामीचे अंतःकरणही त्याने कुजते, हे फ्रेडरिकने त्या बाईच्या रूपाने पाहिले. तिच्याविषयी त्याने पुढे जे लिहिले त्यात द्वेषापेक्षा हळहळच अधिक आहे.

शिकणे मात्र थांबले नाही. कामाला बाहेर जाताना तो खिशात भाकरीचे तुकडे नेई आणि रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना ते देऊन त्यांच्याकडून एकेक धडा घेई. गोदीत लाकडांवर सुतार जी अक्षरे काढीत त्यांवरून तो लिहावयास शिकला. मालकाच्या मुलाच्या टाकून दिलेल्या वह्यांतील मोकळ्या जागेत त्याने अक्षरे गिरविली. सुमारे बारा-तेरा वर्षांचा असताना साठविलेल्या ५० सेंटांत त्याने वक्तृत्वाचे एक पुस्तक विकत घेतले. त्यात स्वामी आणि दास यांचा एक संवाद होता. दास आपली बाजू युक्तीने मांडतो आणि शेवटी स्वामी त्याला मुक्त करतो. सत्य नीट मांडले तर ते विरोधकाच्या हृदयातही शिरू शकते, ही श्रद्धा त्याला तेथे लाभली.

इ. स. १८३३ मध्ये त्याला सेंट मायकेल्स या गावी थॉमस ऑल्ड या दुसऱ्या मालकाकडे जावे लागले. हा थॉमस एका मैदानी धर्ममेळाव्यात जाऊन मेथॉडिस्ट पंथाचा निष्ठावान अनुयायी बनला. फ्रेडरिकला आशा वाटली की आता हा गुलामांना सोडील. निदान त्यांच्याशी दयेने तरी वागेल. घडले उलटेच. घरात प्रार्थना वाढल्या, उपदेशक पाहुणे येऊन जेवू लागले, आणि क्रौर्यही वाढले. पूर्वी जे केवळ स्वभावाने केले जाई, त्याला आता धर्मवचनाचा आधार मिळाला. हेनी नावाची, लहानपणी हात भाजून पंगू झालेली एक दासी होती. तिला तो बांधून मारी आणि मारताना बायबलातील वचन म्हणे. फ्रेडरिकने काही गुलामांना रविवारी धर्मग्रंथ वाचावयास शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा याच थॉमसने आपल्या धर्मबंधूंसह काठ्या घेऊन ती शाळा उधळून लावली. ज्या ग्रंथाची पूजा करावयाची, तोच ग्रंथ दुसऱ्याने वाचू नये म्हणून काठी उचलावयाची! धर्म जिभेवर राहिला आणि हातापर्यंत पोचला नाही, तर तो जुलमाचे पांघरूण होतो, हे यावरून कळावे.

हा मुलगा वाकत नाही असे पाहून इ. स. १८३४ च्या आरंभी थॉमसने त्याला एक वर्षासाठी एडवर्ड कोव्ही या शेतकऱ्याच्या हवाली केले. गुलामांची हाडे मोडून त्यांना वठणीवर आणण्याबद्दल कोव्ही प्रसिद्ध होता. तोही पंथातील मोठा भाविक समजला जाई. पहिल्या सहा महिन्यांत चाबकाने आणि अतिश्रमाने सोळा वर्षांच्या त्या मुलाचे मन मोडून गेले. ऑगस्टमध्ये तो उन्हात कोसळला असता कोव्हीने त्याचे डोके फोडले. रक्तबंबाळ स्थितीत सात मैल चालत तो थॉमसकडे रक्षण मागण्यास गेला. थॉमसने त्याला परत पाठविले. परत आल्यावर कोव्ही त्याला बांधू लागला, तेव्हा मात्र त्याने प्रतिकार केला. सुमारे दोन तास झटापट चालली. कोव्ही थकून बाजूला झाला आणि उरलेल्या काळात त्याने फ्रेडरिकच्या अंगाला बोट लावले नाही.

अहिंसा हे ज्यांच्या आचाराचे मूळ आहे, त्या आपल्या वाचकांना हा प्रसंग सहज पचणारा नाही, आणि तो सोज्ज्वळ करून सांगण्याचे कारणही नाही. त्या झटापटीत उभयपक्षी बळाचा वापर झाला. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, प्रतिकाराआधी त्या मुलाने सोसणे, पळणे आणि दाद मागणे हे सर्व मार्ग चोखाळले होते. दुसरी ही की, त्याने सूड पुढे चालविला नाही. त्या दिवसापासून त्याला गवसले ते शत्रूच्या पराभवाचे सुख नव्हते, तर आपण मनुष्य आहोत ही जाणीव होती. निवृत्तिमार्गी साधकाने स्वतः मार सोसावा हे शोभते. पण दुसऱ्याला मार बसत असताना त्याला सहनशीलतेचा उपदेश करणे शोभत नाही. हा भेद पुष्कळ वेळा विसरला जातो.

पुढील वर्षी दुसऱ्या मालकाच्या शेतावर असताना त्याने पुन्हा रविवारची शाळा चालविली. तीत चाळीसहून अधिक विद्यार्थी येत. इ. स. १८३६ मध्ये पळून जाण्याचा बेत फुटून त्याला कैद झाली. सुटल्यावर बाल्टिमोरच्या गोदीत लाकडी जहाजांच्या फटी बुजविण्याचे काम तो शिकला. तेथे गोऱ्या कामगारांनी त्याला एकदा मरणोन्मुख होईतो मारले. अनेकांनी पाहिले, पण न्यायासनापुढे काळ्या माणसाची साक्ष चालत नसे आणि गोरा कोणी बोलेना. कमावलेली मजुरी दर आठवड्यास मालकाच्या हाती ठेवावी लागे. अखेर ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, एका स्वतंत्र कृष्णवर्णी खलाशाची उसनी कागदपत्रे जवळ घेऊन तो आगगाडीत बसला आणि एका दिवसाच्या आत न्यूयॉर्कला पोचला. या कामी ॲना मरी या स्वतंत्र कृष्णवर्णी युवतीने आपल्या कष्टाच्या पैशांतून त्याला साहाय्य केले होते. तीही मागोमाग आली आणि दोघांचा विवाह झाला. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या बंदरी त्यांनी घर केले आणि शोध चुकविण्यासाठी डग्लस हे नवे आडनाव धारण केले.

न्यू बेडफर्ड हे मुक्त राज्यातले गाव. तरी भेद तेथेही होता. गोरे कारागीर शेजारी काम करू देईनात, म्हणून डग्लस यांनी लाकडे फोडणे, कोळसा वाहणे अशी मिळतील ती कामे केली. प्रार्थनामंदिरात काळ्यांना वेगळे बसविलेले त्यांनी पाहिले. बाहेरच्या लोकांच्या भीडेस्तव असे करीत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. परंतु केवळ सभासदांसाठी असलेल्या प्रसादविधीच्या वेळीही आधी सर्व गोऱ्यांना प्रसाद दिला गेला आणि मग उपदेशकाने कोपऱ्यातील काळ्या मंडळींना पुढे बोलाविले. डग्लस उठून बाहेर पडले आणि पुन्हा तेथे गेले नाहीत. धर्माचा त्याग मात्र त्यांनी केला नाही. कृष्णवर्णी लोकांनी स्थापिलेल्या एका मंडळीत ते उपदेश करू लागले. ख्रिस्ताचा धर्म आणि दासस्वामींचा धर्म यांत अहोरात्रीचे अंतर आहे, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत राहिली.

इ. स. १८४१ मध्ये नँटकेट बेटावरील दास्यविरोधी सभेत त्यांनी अडखळत आपली कथा सांगितली आणि श्रोते हेलावले. त्यानंतर ते गावोगाव व्याख्याने देऊ लागले. इतका सुसंस्कृत वक्ता गुलाम होता हे लोकांना खरे वाटेना, म्हणून इ. स. १८४५ मध्ये त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात मालकांची, गावांची खरी नावे छापली. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला, म्हणून ते आयर्लंड आणि ब्रिटनकडे गेले. तेथील रेल्वेत, भोजनगृहात, मंदिरात कोणी त्यांना वर्णामुळे अडविले नाही. हा अनुभव त्यांना अपूर्व वाटला.

स्कॉटलंडमधील एक प्रकरण धर्मसंस्थांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. इ. स. १८४३ मध्ये तेथे फ्री चर्च नावाची नवी धर्मसंस्था निघाली होती. तिने आपल्या कार्यासाठी अमेरिकेतील दासस्वामींकडून सुमारे ३,००० पौंड देणगी स्वीकारली होती. मुलाबाळांना विकून मिळविलेला हा पैसा परत पाठवा, अशी चळवळ डग्लस यांनी इ. स. १८४६ मध्ये गावोगाव केली. चर्चने पैसा परत केला नाही. परंतु दान कोणत्या हातून आले आणि कोणाच्या अश्रूंतून आले हे विचारण्याची जबाबदारी धर्मसंस्थेवर असते, हा प्रश्न त्यांनी कायमचा उभा केला.

त्याच वर्षी ब्रिटनमधील स्नेह्यांनी १५० पौंड भरून त्यांना कायद्याने मुक्त करविले. माणसाची किंमत मोजणे म्हणजे त्याच्यावरील मालकी मान्य करणे, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. तत्त्व म्हणून तो चुकीचा नव्हता. पण दूर बसून तत्त्व सांगणाऱ्याच्या मागे शिकारी कुत्री नसतात. परत आल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी रॉचेस्टर येथे स्वतःचे वृत्तपत्र काढले. पळून आलेल्या अनेक दासांना त्यांच्या घरी आसरा मिळाला. इ. स. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावावर मतभेद झाला, तेव्हा डग्लस यांनी उभे राहून त्याचे जोरदार समर्थन केले आणि ठराव संमत झाला.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्या वेळी त्या देशात सुमारे ४० लक्ष गुलाम होते. हे युद्ध दास्यनाशाचे व्हावे म्हणून डग्लस यांनी लेखणी आणि वाणी झिजविली. कृष्णवर्णी सैनिकांची भरती केली, आपले दोन पुत्रही पाठविले. त्या सैनिकांना गोऱ्यांपेक्षा कमी वेतन मिळे. ऑगस्ट १८६३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटून हा अन्याय मांडला. पुढील वर्षी समान वेतनाचा कायदा झाला. डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेच्या १३ व्या दुरुस्तीने दास्य संपुष्टात आले आणि इ. स. १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने कृष्णवर्णी पुरुषांस मताधिकार मिळाला.

चरित्र सांगताना उणेही सांगावे. या मताधिकारात स्त्रियांचा समावेश नव्हता. आधी कृष्णवर्णी पुरुषांचा हक्क पदरात पडू द्यावा, कारण त्यांच्या जिवावर बेतले आहे, अशी भूमिका डग्लस यांनी घेतली आणि जुन्या सहकारी स्त्रिया दुखावल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना वेदना होती. पुढे त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचे काम पुन्हा चालू ठेवले.

या चरित्रातील सर्वांत उदात्त प्रसंग इ. स. १८७७ चा आहे. त्या वर्षी डग्लस हे राजधानीच्या प्रदेशात मार्शल या मोठ्या अधिकारपदावर नियुक्त झाले होते. वृद्ध थॉमस ऑल्ड मृत्युशय्येवर होता. डग्लस सेंट मायकेल्सला गेले. जो गुलाम पळाला होता तो मोठा अधिकारी म्हणून आला, आणि जो स्वामी होता त्याचे हात कंपवाताने थरथरत होते. दोघांचे कंठ दाटून आले. आपण थॉमसपासून पळालो नव्हतो, दास्यापासून पळालो होतो, असा भाव डग्लस यांनी व्यक्त केला. तुझ्या जागी असतो तर मीही तेच केले असते, अशी कबुली त्या वृद्धाने दिली. म्हाताऱ्या आजीला थॉमसने निराधार सोडले असा आरोप डग्लस यांनी एकेकाळी जाहीरपणे केला होता. तो चुकीचा होता, हेही त्यांनी तेथे मान्य केले. आपल्या जन्माचा काळ विचारण्यास ते विसरले नाहीत. तो फेब्रुवारी १८१८ असावा, असे थॉमसने सांगितले. जन्मभर न मिळालेले उत्तर त्यांना शेवटी जुन्या मालकाच्या मुखातून मिळाले. जुलमाशी तडजोड नाही आणि जुलूम करणाऱ्या जीवाविषयी वैर नाही, या दोन गोष्टी एका हृदयात एकत्र राहू शकतात, याचे हे उदाहरण होय.

उत्तरायुष्यात त्यांनी हैती देशात अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून काम केले. पत्नी ॲना इ. स. १८८२ मध्ये निवर्तली. दोन वर्षांनी त्यांनी हेलन पिट्स या गौरवर्णी स्त्रीशी विवाह केला, तेव्हा दोन्ही वर्णांच्या लोकांनी टीका केली. समतेचे व्याख्यान ऐकणाऱ्यांनाही समतेचे आचरण जड जाते. दक्षिणेत मुक्त झालेल्या लोकांना झुंडीने पकडून ठार मारण्याचे सत्र चालू होते. त्याविरुद्ध त्यांनी वृद्धापकाळीही आवाज उठविला. २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांच्या एका परिषदेस उपस्थित राहून ते घरी आले आणि त्याच सायंकाळी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

दास्यविमोचनाच्या या कार्याचा ध्वनी महाराष्ट्रातही उमटला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. सात समुद्रांपलीकडील दास्य आणि आपल्या गावाच्या वेशीबाहेरील दास्य यांचे नाते त्यांनी ओळखले होते.

आता आपल्याकडे वळावे. थॉमस ऑल्ड नास्तिक नव्हता. तो प्रार्थना करी, उपदेशकांना जेवू घाली, ग्रंथवचने त्याला पाठ होती. म्हणूनच त्याचे उदाहरण भयप्रद आहे. कारण तो आपल्याहून फार वेगळा नाही. आपल्या दारी येणारा मजूर, घरातील विधवा, पंक्तीच्या टोकाला संकोचून बसलेला उपदेशी, यांच्याशी आपण कसे वागतो ते हॅरिएट बेलीच्या मुलासारखा एखादा जीव कोपऱ्यातून पाहत असतो. आपण केलेले निरूपण तो विसरेल. आपला हात त्याच्यावर कसा पडला ते विसरणार नाही. शास्त्र आपल्यात किती उतरले याची साक्ष आपण स्वतः द्यावयाची नसते. ती आपल्याहून दुर्बळ असलेल्याच्या मुखातून यावी लागते.